घाणेकर साहेबांची हुंकारी

हुंकारी कायदा येऊन दीड वर्ष झालं होतं आणि आता साहेब ओळखायचा तो गळ्यावरून. कॉलरच्या आत, कंठाच्या जरा खाली, कॅरमच्या सोंगटीएवढी करडी चकती चिकटवलेली दिसली की समजायचं, या माणसाच्या हाताखाली माणसं आहेत. ज्या कामात लोकांच्या जिवाचा प्रश्न, तिथल्या प्रत्येक वरिष्ठानं कामावर असताना हुंकारी लावलीच पाहिजे, असा नियम होता. बोटींचे कप्तान लावत, ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर लावत आणि निवळे गावातून वाघजाईच्या डोंगरावर जाणाऱ्या रोपवेचे व्यवस्थापक रामकृष्ण घाणेकर हेही लावत.

सुरुवातीला त्यांनी ती लावून घ्यायला साफ नकार दिला होता.

"मला या खेळण्याची गरज नाही," ते हुंकारी घेऊन आलेल्या डॉ. शरयू मुळ्यांना म्हणाले. "माझा दरवाजा सदैव उघडा असतो. एकवीस वर्षांत एक तक्रार नाही."

"म्हणून तर आले," शरयूताई म्हणाल्या.

घाणेकरांच्या भुवया वर गेल्या. या भुवयांबद्दल सांगायला हवं. माणूस मनानं लोण्यासारखा. देवीच्या उत्सवात कीर्तनाला झांज धरायचा आणि आख्यानात करुण प्रसंग आला की सगळ्यांच्या आधी डोळे पुसायचा. पण भुवया देवानं कुणा दुसऱ्यासाठी घडवल्या होत्या आणि घाईत यांना लावल्या होत्या, असं वाटे. समोर कोणी आलं की त्या आपोआप वर जात आणि तोंडातून "काय आहे?" असं निघे. त्यावर समोरचा "काही नाही, सर" म्हणे आणि जाई. एकवीस वर्षं असंच चाललं होतं.

शरयूताईंनी यंत्रचालक दौलत धनावडेला बोलावलं आणि त्याच्या गळ्याला एक बारीक पट्टी लावली. पट्टीची वायर त्यांच्या हातातल्या पडद्याला जोडलेली होती.

"दौलत, साहेबांना काही सांगायचंय तुम्हाला?"

दौलतनं भुवयांकडे पाहिलं. "काही नाही, सर."

पडद्यावर एक रेघ ताडकन वर गेली आणि तितक्याच वेगानं खाली आली.

"हे बघा. गिळलं," शरयूताई म्हणाल्या.

"काय गिळलं?"

"ते यंत्राला कळत नाही. एक वाक्य निघालं होतं, गळ्यापर्यंत आलं आणि तुमचा चेहरा बघून परत गेलं. आम्ही त्याला गिळवाक्य म्हणतो."

मग त्यांनी घाणेकरांना सगळं समजावून सांगितलं. माणूस बोलायच्या आधी त्याच्या गळ्याचे स्नायू हलतात. पहिला शब्द पडला की तो समोरच्याचा चेहरा बघतो आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ठरवतो, पुढं बोलायचं की नाही. या एवढ्याशा वेळाला त्यांनी 'धीरक्षण' असं नाव दिलं होतं. धीरक्षणात समोरून "हूं" आलं तर गळा सैल पडतो आणि वाक्य बाहेर येतं. कपाळाला आठी पडली तर गळा आवळतो. वाक्य परत जातं, नाहीतर वाटेत बदलतं. 'सर, त्या दोरावर' असं सुरू झालेलं वाक्य 'ऊन छान पडलंय' असं संपतं. त्यांनी अकरा हजार लोकांचे गळे तपासले होते. कारखान्यातला माणूस दिवसाला सरासरी चौदा वाक्यं गिळतो, सरकारी कचेरीतला एकतीस. सासुरवाडीला गेलेल्या जावयांचंही मोजायला घेतलं होतं, पण पहिल्याच पंगतीत यंत्र तापून बंद पडलं.

"आणि हे तुम्हाला सुचलं कसं?" घाणेकरांनी विचारलं.

"माझे वडील कीर्तनकार."

"मुळ्येबुवा? अहो, आपले मुळ्येबुवा?" घाणेकर खुर्चीतून अर्धे उठले. "आधी सांगायचं नाही का."

"आमच्या गावी देवळात पहिल्या रांगेत एक सोनूआक्का बसायच्या. बाबांनी ओळ म्हटली की यांची मान डोलणार. आक्का असल्या की आख्यान असं रंगायचं, की लोक जेवायचं विसरायचे. एखाद्या दिवशी आक्का आल्या नाहीत की बाबा पूर्वरंगातच घसरायचे. पंधरा वर्षांनी आम्हाला कळलं, आक्का ठार बहिऱ्या होत्या."

घाणेकर हसले. शरयूताई हसल्या नाहीत.

"तेव्हा माझ्या लक्षात आलं, बोलणाऱ्याला ऐकणारा लागतच नाही. त्याला लागतो हुंकार, आणि तोही वेळेवर."

हुंकारी नेमकं तेच करी. ती स्वतः बोलत नसे. धीरक्षण आला की ती कंठाच्या स्नायूला हलकी गुदगुली करी आणि "हूं" साहेबांच्याच गळ्यातून, साहेबांच्याच आवाजात निघे. तोही असा काळजातून, की भुवयांकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. पाठोपाठ "बरं", "मग?", "असं होय" हेही येई. झालेलं सगळं बोलणं ती जपून ठेवी, म्हणजे तपासणीला सोपं.

मुळ्येबुवांच्या मुलीला नाही म्हणणं घाणेकरांच्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी चकती गळ्याला लागली.

पहिला आला दौलत. "सर, तुमचा दरवाजा…"

"हूं," घाणेकरांचा गळा म्हणाला. घाणेकर स्वतःच दचकले.

"तुमचा दरवाजा उघडा असतो, कारण त्याची कडी तुटलीय. तीन वर्षं झाली."

"बरं. मग?"

मग काय, बांध फुटला. कॅंटीनच्या चहाला फिनेलचा वास येतो. वरच्या स्थानकावरच्या शिडीची एक पायरी गायब आहे. पावसाळी कोट सगळे एकाच मापाचे आहेत आणि ते माप कुणाचंच नाही. आठवड्याच्या सभेत साहेब जी गोष्ट सांगतात ती सगळ्यांना पाठ आहे. आणि एके दिवशी दौलतनं खाली मान घालून सांगितलं, "सर, कीर्तनात तुमची झांज मागं पडते. अकरा वर्षं झाली. बुवा सांभाळून घेतात म्हणून."

"असं होय," गळा अगदी मायेनं म्हणाला. आतून घाणेकरांना वाटलं, कोणीतरी झांज डोक्यात मारली.

पहिले दोन महिने त्यांनी मनापासून ऐकलं. कडी बसवली, चहा बदलला, शिडीला पायरी लावली. पण बेचाळीस माणसं, आणि प्रत्येकाच्या पोटात एकवीस वर्षांचं साठलेलं. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या ध्यानात आलं, की "हूं" म्हणायला आपली गरज नाही. चेहरा कॉम्प्युटरकडे ठेवला आणि शब्दकोडं सोडवलं तरी माणूस बोलतो, मोकळा होतो आणि जाताना "बरं वाटलं, सर" म्हणतो. चकती घरी काढायची असा नियम होता. ते काढायला विसरू लागले. पुढंपुढं विसरणं सोयीचं वाटू लागलं, कारण कुंदाताई, त्यांच्या पत्नी, एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकून घेता हो."

रोपवेची भरभराट झाली. मोकळेपणासाठी जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. आणखी एक आश्चर्य घडलं. ट्रॉल्यांची देखभाल करणाऱ्या सुलभा गोरिवले या कामाला चोख, पण किल्ल्या हरवण्यात पटाईत. नऊ वर्षांत त्यांनी अकरा वेळा ट्रॉलीच्या दाराची किल्ली हरवली होती. दर वेळी ती ट्रॉली बंद राही, तालुक्याहून मिस्त्री येई, कुलूप बदली आणि नियमाप्रमाणे सगळी ट्रॉली तपासून जाई. घाणेकरांनी त्यांना त्यावरून काय काय ऐकवलं होतं. पण हुंकारी लागल्यापासून वर्षभरात सुलभाबाईंनी एकही किल्ली हरवली नाही. बाई सुधारल्या, असं घाणेकर सगळ्यांना सांगत.

चैत्रातला उत्सव आला. दुपारी डोंगरावर मुळ्येबुवांचं कीर्तन होतं. घाणेकर झांजांची पिशवी काखेत मारून निघाले. बरोबर कुंदाताई होत्या, वडिलांच्या कीर्तनासाठी मुद्दाम आलेल्या शरयूताई होत्या आणि देवीला नारळ द्यायला निघालेल्या सुलभाबाई होत्या. चौघं सात नंबरच्या ट्रॉलीत बसली.

अर्ध्या वाटेवर 'कट्ट' असा आवाज झाला. ट्रॉली पाच-सहा हात मागं घसरली, हिसका बसला आणि ती दरीवर लोंबकळत थांबली. खाली काजूची झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसत होती. वरून लाउडस्पीकरमधून बुवांचा आवाज वाऱ्यावर येत होता. नमन संपून पूर्वरंग सुरू झाला होता.

कुंदाताईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"पंजा," सुलभाबाई शांतपणे म्हणाल्या. ट्रॉलीला वरच्या तारेच्या दोराशी धरून ठेवणारी लोखंडी पकड असते, तिला कामगार पंजा म्हणत. "सातचा पंजा. मी सांगितलं होतं ना, सर."

"कुणाला?"

"तुम्हाला. मंगळवारी. जेवणाच्या सुट्टीनंतर."

"सुलभाबाई, मला काहीएक सांगितलेलं नाही."

"सर, तुम्ही 'हूं' म्हणालात. 'मग?' पण म्हणालात. म्हणून मी परत पहिल्यापासून सांगितलं."

शरयूताईंनी पिशवीतून पडदा काढला आणि मंगळवारची नोंद लावली. सुलभाबाईंचा आवाज आला, "सर, सातच्या पंजातून कट्ट आवाज येतोय. स्प्रिंग गेली असणार. उत्सवात चौघं बसली तर धरायचा नाही." त्यावर घाणेकरांच्या आवाजात, काळजातून आलेलं "हूं". मग "बरं" आणि "मग?". मग "असं होय". सगळं मिळून सात मिनिटं. शेवटी सुलभाबाई म्हणाल्या होत्या, "बरं वाटलं, सर." आणि दार लागल्यावर घाणेकर स्वतःशीच पुटपुटले होते, "आडवे नऊ, पाच अक्षरी, जलचर."



"सुसरबाई," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणजे घरी मी वर्षभर बोलत होते, ते…"

घाणेकरांनी दरीकडे पाहिलं. त्या मानानं दरी बरी वाटली.

"पण सुलभाबाई," शरयूताईंनी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं पंजा जाणार, तरी तुम्ही आज याच ट्रॉलीत बसलात?"

सुलभाबाई विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडला होता. "सांगितलं ना मी साहेबांना. सांगून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की डोक्यातून गेलंच ते. आधी असं नव्हतं. आधी सांगायची हिंमत व्हायची नाही. मग ते पोटात टोचत राहायचं. घास उतरायचा नाही."

"मग काय करायचात?"

"किल्ली हरवायचे."

घाणेकरांनी सावकाश मान वळवली.

"ट्रॉलीला कुलूप लावायचं आणि किल्ली हरवली म्हणून सांगायचं. मग साहेबांची बोलणी खायची, ती काय दोन मिनिटांची. मिस्त्री यायचा, तपासताना त्याला बिघाड सापडायचाच. अकराच्या अकरा किल्ल्या माझ्या तुळशीच्या कुंडीत आहेत, सर. गंजल्या असतील, पण मोजून देते."

शरयूताई बाकावर मागं टेकल्या. अकरा हजार गळे तपासून जे हाती आलं नव्हतं ते समोर चप्पल काढून, मांडी घालून बसलं होतं. गिळलेलं वाक्य म्हणजे वाया गेलेलं वाक्य, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या. ते पोटात जाऊन काम करत होतं. टोचून टोचून माणसाला कुठूनतरी वाट काढायला लावत होतं. हुंकारीनं ते बाहेर काढलं, टोचणी संपली आणि काळजी कुणाकडेच उरली नाही. सांगणाऱ्याला वाटलं, पोचली. ऐकणारा जलचर शोधत होता.

"माझी सोनूआक्का चुकली," त्या हळूच म्हणाल्या.

"आक्का नाही हो चुकली," घाणेकर म्हणाले. संकटात असला तरी माणूस कीर्तनातला होता. "बुवा गातात ते देवीला. ती ऐकतेच. मग आक्का बहिरी असली तरी काय बिघडतं? माझ्या कचेरीत वर कोण बसलंय? मीच. तिथं मी बहिरा होऊन नाही चालायचं."

असं म्हणून त्यांनी कॉलरमध्ये हात घातला, चकती उपटली आणि शरयूताईंच्या हातात दिली. गळ्यावर तेवढाच गोल पांढरा डाग राहिला.

मग त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. खालच्या यंत्रावर दौलत होता. "दौलत, ट्रॉली अडकलीय. यंत्र सुरू कर आणि वर ओढून घे."

"हो, सर."

काहीच झालं नाही. यंत्राची घरघर ऐकू येईना.

"काय झालं? सुरू का नाही केलंस?"

"काही नाही, सर."

हे दोन शब्द घाणेकरांनी एकवीस वर्षांत हजारो वेळा ऐकले होते. आज पहिल्यांदा त्यांना पडद्यावरची ती रेघ दिसली. ताडकन वर जाणारी आणि खाली येणारी. दौलतनं आत्ता काहीतरी गिळलं होतं आणि ते चौघांच्या जिवाचं होतं.

त्यांच्या भुवया वर जाऊ लागल्या. वॉकीटॉकीवरून भुवया दिसत नाहीत, पण आवाजात उतरतात. त्यांनी डावा हात कपाळावर ठेवून त्या खाली दाबून धरल्या.

"दौलत," ते म्हणाले, "यंत्रावर तू आहेस. मला इथून काही दिसत नाही. तू काय केलं असतंस?"

घाणेकरांनी पुन्हा तोंड उघडलं.

"थांबा," कुंदाताई म्हणाल्या. "बोलू नका काही."

ते थांबले. धीरक्षण सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो, असं शास्त्र सांगतं. हा धीरक्षण वरच्या बुवांच्या एका अख्ख्या अभंगाएवढा लांबला. घाणेकर ऐकत राहिले. कानात वारा होता, खरखर होती आणि दौलतचा श्वास होता.

"सर," शेवटी दौलत म्हणाला, "वर ओढलं तर पंजा सुटेल. चढावर सगळा भार त्याच्यावरच येतो. उलटं घ्यायला पाहिजे. खाली, एकदम सावकाश. आणि तुम्ही चौघांनी मागच्या बाकावर बसायला पाहिजे. पण तुम्ही वर म्हणालात."

"माझं चुकलं. तू म्हणतोस तसं कर."

चौघं मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसली. यंत्र घरघरलं. ट्रॉली कणाकणानं खाली येऊ लागली. पाऊण तासानं ती खालच्या स्थानकाला लागली, तेव्हा दौलत घामानं भिजला होता. घाणेकरांनी त्याला मिठी मारली. दौलत म्हणाला, "सर, झांज टोचतेय." आणि हे तो हुंकारीशिवाय म्हणाला, अशी नोंद शरयूताईंनी वहीत केली.

सुलभाबाईंनी सात नंबरला कुलूप लावलं, किल्ली घाणेकरांच्या हातात दिली आणि मिस्त्रीला फोन केला. रोपवे बंद ठेवून सगळे पायऱ्यांनी डोंगर चढले.

देवळात पोचले तेव्हा उत्तररंग अगदी रंगात आला होता. बुवांनी दुरूनच मान हलवून त्यांना बसायला खुणावलं. बुक्क्याचा वास, तबल्याची थाप आणि समोर माणसांचा समुद्र. घाणेकरांनी पिशवीतून झांज काढली, क्षणभर पाहिली आणि परत ठेवून दिली. आज नुसतं ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. मन कसं धुतल्यासारखं झालं होतं. हुंकारी गेली होती. आता कचेरीत, घरात, जो बोलेल त्याचं अक्षर न् अक्षर ऐकायचं. बुवांनी नामाचा गजर केला, त्यांनी डोळे मिटून टाळी धरली. टाळी मागं पडत होती, पण मनापासून होती.

गजर ओसरल्यावर कुंदाताई त्यांच्याकडे झुकल्या. घर सोडल्यापासून, खरंतर त्याच्याही कितीतरी आधीपासून, त्यांच्या मनात काहीतरी होतं. वर्षभर सांगत होत्या ते कुठं पोचलं नाही, हे आज कळलं होतं. त्या कानाशी लागून हळू आवाजात बोलू लागल्या.

"हूं," घाणेकर म्हणाले. अगदी वेळेवर. अगदी काळजातून.

कुंदाताई थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं चकती नव्हती. नुसता पांढरा गोल डाग होता, आणि त्याच्याखाली एक बारीकसा स्नायू अजून आपणहून थरथरत होता.

"बरं," गळा म्हणाला. "मग?"

घाणेकरांनी घाबरून दोन्ही हातांनी गळा धरला. दोन रांगा पुढं बसलेल्या शरयूताईंनी मागं वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. महाराष्ट्रात त्या घटकेला दोन लाख गळ्यांवर हुंकारी होती.

"कुंदा," घाणेकर म्हणाले, "आत्ता तू काय म्हणालीस? मी ऐकतोय. खरंच ऐकतोय. सांग, काय म्हणालीस?"

कुंदाताईंनी पदर सावरला आणि बुवांकडे पाहत त्या म्हणाल्या,

"काही नाही."